एप्रिलअखेरचं बँकॉक, उन्हाच्या वेळा सांभाळून

बँकॉकमध्ये एप्रिल हा वर्षातला सगळ्यात तापलेला महिना. दुपारी पारा ३५-३६ अंशांच्या घरात असतो, आणि दमट हवेत घाम वाळतच नाही. मुंबई-कोकणातल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. पण घरी आपण भर दुपारी देवळाच्या उघड्या फरशीवर तास-दोन तास काढत नाही, सहलीत काढतो. जोडीने गेलेल्या दोघांनाही चार दिवस टवटवीत राहायचं असेल तर एक नियम कसोशीने पाळावा लागतो: उघड्यावरची ठिकाणं सकाळी साडेअकरापर्यंत, साडेअकरा ते चार छताखाली, चारनंतर नदी, रस्ते आणि खाणं. आम्ही गुरुवारी पोचून सोमवारी निघालो आणि सगळे दिवस याच चौकटीत बसवले. वारही मुद्दाम निवडलेले. त्याची कारणं पुढे येतीलच.

आधी तारखा. १३ ते १५ एप्रिल हा सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. रस्त्यावर दिसेल त्याला पाण्याने भिजवतात, बरीच छोटी दुकानं बंद असतात. पाणी खेळायचं असेल तर त्याच दिवसांत जावं. देवळं आणि खरेदी करायची असेल तर २० तारखेनंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सर्वांत चांगली असते, पण एप्रिल-मेमध्ये तिथला आंबा मिळतो.

१ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, प्रत्येकाच्या पासपोर्टवर वेगळं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती सरकारी नाही, लगेच बंद करावी. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या आदल्या दिवशी दूतावासाचं पान बघावं. ई-सिगारेट तिथे बेकायदा आहे, सामानात चुकूनही नको.

सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेऊन बाहेर आलं की समोरच पैसे बदलायच्या खिडक्या दिसतात. तिथे थांबू नये. सरकत्या जिन्याने तळघरात, रेल्वे स्थानकाच्या मजल्यावर उतरलं की बदलीच्या छोट्या खिडक्यांची रांग आहे आणि दर स्पष्टपणे चांगले मिळतात. रुपयांपेक्षा डॉलर नेलेले बरे, आणि १०० च्या कोऱ्या नोटा. एटीएम हा शेवटचा उपाय, कारण परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेहून जास्त बाथ कापले जातात. मशीनने ‘तुमच्या चलनात हिशेब करू का’ असं विचारलं तर नकार द्यायचा. होकार दिला की दर त्यांचा लागतो. एक बाथ म्हणजे अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान, म्हणून मनातल्या मनात तिप्पट करत राहिलं की हिशेब कधी अंगावर येत नाही.

त्याच मजल्यावरून एअरपोर्ट रेल लिंक सुटते. शहरातल्या फाया थाई स्थानकापर्यंत ४५ बाथ आणि जेमतेम अर्धा तास. संध्याकाळी पाच ते सात या वेळात टॅक्सीपेक्षा ही केव्हाही चांगली. टॅक्सीच हवी असेल तर मीटर ३५ बाथपासून सुरू होतो, विमानतळावरून वर ५० बाथ अधिभार आणि उन्नत मार्गाचा टोल. ‘मीटर’ एवढा एक शब्द दार उघडतानाच म्हणायचा. चालक ठरीव आकडा सांगू लागला तर दार लावून पुढची टॅक्सी बघायची.

राहायला आम्ही असोक स्थानकाजवळची जागा धरली. बँकॉकमध्ये वरून धावणारी बीटीएस आणि बहुतेक जमिनीखालून जाणारी एमआरटी अशा दोन वेगळ्या रेल्वे आहेत, आणि असोकला दोन्ही भेटतात. उन्हात चालणं वाचवायचं तर खोली तारांकित असण्यापेक्षा स्थानकापासून ३०० मीटरच्या आत असणं महत्त्वाचं. दोन्ही रेल्वेंची तिकिटं वेगळी. बीटीएससाठी रॅबिट कार्ड घ्यायचं, ते काढताना पासपोर्ट लागतो. एमआरटीच्या फाटकावर बँकेचं टॅप होणारं कार्ड चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस आत जातो. एकाने टॅप करून तेच कार्ड दुसऱ्याच्या हातात दिलं तर फाटक अडतं. दोघांकडे दोन कार्डं हवीतच.

डब्यातला एसी मात्र फार थंड असतो. घामेजलेल्या अंगाने आत शिरायचं, थंडीने कुडकुडायचं, पुन्हा बाहेर, असं दिवसात आठ-दहा वेळा झालं की दुसऱ्या दिवशी घसा धरतो. एक पातळ ओढणी किंवा उपरणं कायम पिशवीत असू द्यावं.

शुक्रवारची सकाळ राजवाड्याची, म्हणजे ग्रँड पॅलेसची. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे सहाचा गजर म्हणजे आपली साडेचारची पहाट. आदल्या रात्री लवकर पाठ टेकावी. असोकहून बीटीएसने, वाटेत सयामला गाडी बदलून, सफान ताक्सिनला उतरायचं. खालीच साथोर्न धक्का आहे. तिथे निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीची तिकिटं पुढे होऊन विकतात. आपल्याला हवी ती नारिंगी झेंड्याची साधी बोट, कुठेही उतरा १६ बाथ. कंडक्टरबाईंच्या हातात लांबट पत्र्याची नळी असते. झाकण उघडून त्यात नाणी टाकतात, तिकिटाचा चिटोरा फाडून देतात आणि नळी खळखळ वाजवत पुढे सरकतात. तो खळखळाट ऐकू आला की सुटे पैसे काढून ठेवायचे. चाओ फ्राया नदीवरचं सकाळचं वारं हा या शहरातला सगळ्यात स्वस्त गारवा. ता चांग धक्क्यावर उतरलं की राजवाडा पाच-सात मिनिटांवर.

धक्क्यापासून फाटकापर्यंतच्या या एवढ्याशा रस्त्यात नेमकी फसवणूक होते. नीटनेटके कपडे घातलेला, चांगलं इंग्रजी बोलणारा माणूस थांबवून सांगतो, ‘आज सकाळी पूजा आहे, वाडा एकनंतर उघडेल, तोवर वीस बाथमध्ये टुकटुक रिक्षाने दुसरी देवळं दाखवतो.’ शेवट रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात होतो. थांबू नये, उत्तर देऊ नये, थेट विसेत चाय सी दरवाज्यापर्यंत चालत जावं. तिकीटविक्री साडेआठ ते साडेतीन चालते, दर ५०० बाथ.

कपड्यांबाबत तिथले रक्षक फार कडक. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. बिनबाह्यांच्या कपड्यावर ओढणी घेतलेली चालत नाही, बाह्या शिवलेल्या हव्यात. घट्ट लेगिंग आणि फाटकी जीन्सही परत पाठवतात. सुती कुर्ता आणि सैल सलवार किंवा सुती पँट हा उन्हालाही नियमालाही चालणारा पोशाख, आणि तो आपल्या कपाटात आधीच असतो. बाहेर सारोंग विकत मिळतात, पण रांगेतून निघून ते शोधण्यात सकाळचा गार अर्धा तास जातो.

बँकॉक १७८२ साली पहिल्या राम राजाने राजधानी केली, तेव्हापासूनचा हा परिसर. पाचूचा बुद्ध असं नाव असलेली मूर्ती खरं तर हिरव्या जेड दगडाची आहे, उंची ६६ सेंटिमीटर. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंचे तीन सुवर्णवेश तिला आहेत आणि ते राजा स्वतः बदलतो. गर्दी सारी तिथेच दाटते. मराठी माणसाने मात्र आपला वेळ भोवतालच्या ओवरीत घालवावा, कारण त्या भिंतींवर रामायण रंगवलेलं आहे. थाई नाव रामकियन, १७८ चित्रपट्ट्या, आणि वर छप्पर असल्याने सावली. सुरुवात उत्तरेच्या दरवाज्यापाशी होते: जनकाला सीता सापडते तो प्रसंग. तिथून प्रदक्षिणेच्या दिशेने वाचत जायचं. हनुमान पांढराशुभ्र, दशमुखी रावण हिरवा; त्याला थाईत ‘तोत्सकान’ म्हणतात, म्हणजे आपला दशकंठ. फरक शोधत गेलं की खरी गंमत येते. एका चित्रात प्रचंड झालेल्या हनुमानाने रामाचा तळच मुखात घेतला आहे, महिरावणापासून राखायला. इथला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाची मत्स्यकन्या सुवण्णमच्छा त्याला भेटते आणि त्यांना मच्छानु नावाचा मुलगा होतो. मकरध्वजाची गोष्ट ऐकत वाढलेल्याला हा धागा लगेच सापडतो. खांबांच्या पायथ्याशी सोन्याचा वर्ख ताजा केलेला दिसतो. जवळ गेलं की राक्षसांच्या मुकुटावरची एकेक टोकदार कळी वेगळी दिसते.

अकरा वाजले की बाहेर पडायचं. राजवाड्याच्या तिकिटातच साला चालेर्मक्रुंग नाट्यगृहातल्या खोन नृत्याचा छोटा प्रयोग येतो. हे बहुतेकांना माहीत नसतं. प्रयोग सोमवार ते शुक्रवार असतात, म्हणून राजवाडा शुक्रवारी ठेवला. राजवाड्यापासून नाट्यगृहाच्या गाडीने जाता येतं. आत एसी, आणि सकाळी भिंतीवर पाहिलेला हनुमान मुखवटा घालून समोर उड्या मारतो. खोन २०१८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. भर दुपारचा याहून चांगला उपयोग आम्हाला सुचला नाही.

चारनंतर वाट फो. थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ. निजलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच, पण दालन इतकं अरुंद की पूर्ण मूर्ती एका फोटोत मावत नाही. पायांकडून तिरका फोटो घ्यावा. तळव्यांवर शिंपल्याच्या चकाकत्या तुकड्यांनी जडवलेली १०८ शुभचिन्हं आहेत. मागच्या बाजूला १०८ ब्राँझच्या वाट्यांची रांग. २० बाथ देऊन सुटी नाणी घ्यायची आणि प्रत्येक वाटीत एक टाकत जायचं. तिकीट ३०० बाथ, त्यात पाण्याची बाटली. देवळाच्या आवारातच मालिशची जुनी शाळा आहे. बाहेरच्या दुकानांपेक्षा तिथे जास्त पैसे पडतात, पण हात तरबेज असतात. थाई मालिश तेलाशिवाय, कपड्यांवरून होते आणि चांगलीच दाबून करतात. ‘बाउ बाउ’ म्हणजे हळू हळू, हे दोन शब्द आधी पाठ करावेत.

तिथून ता तिएन धक्का, ५ बाथची नाव, आणि पलीकडे वाट अरुण. चिनीमातीच्या फुटक्या ताटल्यांच्या तुकड्यांतून त्याच्या शिखरावर फुलं जडवली आहेत, आणि ती कारागिरी हाताच्या अंतरावरूनच कळते. पायऱ्या अतिशय उभ्या. उतरताना तोंड पायऱ्यांकडे करून उतरावं. थाई राजपोशाख भाड्याने घालून फोटो काढणारी जोडपी इथे खूप दिसतात. ज्यांना हौस आहे त्यांनी सकाळी यावं, जरीच्या त्या वस्त्रात दुपारी जीव गुदमरतो. सूर्यास्त मात्र अलीकडच्या तीरावरून बघायचा, देऊळ तेव्हा समोर असतं.

शनिवारी चतुचक. हा बाजार शनिवार-रविवारीच पूर्ण भरतो. एमआरटीने काम्फेंग फेत स्थानक, २ नंबरचा दरवाजा. वर येताच आपण बाजाराच्या आत. २७ विभाग आणि पत्र्याखालच्या अरुंद गल्ल्या. नऊला सुरू होतो असं म्हणतात, पण बरीच दुकानं दहाला उघडतात, आणि साडेअकरानंतर पत्रा तापून आत हवा कोंडते. म्हणजे खरेदीचे हातात दोनच तास. दोघांनी आधी ठरवून दोनच विभाग निवडावेत. चित्रं ७ व्या विभागात. ‘नंतर येऊन घेऊ’ म्हटलेली वस्तू इथे पुन्हा सापडत नाही. आवडली तर तिथल्या तिथे घ्यायची, किंवा दुकानाच्या क्रमांकाच्या पाटीचा फोटो काढायचा. हुकलेच एकमेकांना तर मधल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली भेटायचं. भाव एका वस्तूवर फारसा उतरत नाही; तीच वस्तू दोन-तीन घेतली की १०-२० टक्के सुटतात. घासाघीस हसत करावी. आवाज चढला की विक्रेता पाठ फिरवतो.

रस्त्याच्या पलीकडे ओर तोर कोर हा फळभाज्यांचा झाकलेला, स्वच्छ बाजार. साडेअकराला तिथे सरकायचं. नाम दोक माइ जातीचा लांबट पिवळा आंबा इथे बघावा: रेषा नाहीत, गर घट्ट, गोडी हापूसपेक्षा सौम्य, वास कमी. त्याचाच खाओ निआओ मामुआंग करतात. चिकट तांदूळ रात्रभर भिजवून वाफवायचा, गरम असतानाच साखर-मीठ घातलेल्या नारळाच्या दुधात मुरवायचा, वरून आणखी थोडं खारट नारळदूध आणि भाजलेल्या सोललेल्या मुगाची कुरकुरीत डाळ. ते मीठच त्या पदार्थाचा प्राण. भात त्याच दिवशी कोमट खायचा. फ्रीजमध्ये ठेवला की दाणे कडक होतात, म्हणून हॉटेलवर बांधून नेऊ नये.

खाण्याबद्दल जरा सविस्तर, कारण आमच्यातला एक शाकाहारी. थाई स्वयंपाकात माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, आपल्या मिठाच्या जागी आहे. त्यामुळे ‘मांस नको’ म्हटल्यावर आलेल्या भाजीत नाम प्ला, कालवांचा सॉस किंवा सुक्या कोळंबीचा गोळा असू शकतो, आणि देणाऱ्याच्या मनात फसवणूक नसते. खात्रीचा शब्द ‘जे’. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात ‘เจ’ सारखं चिन्ह दिसलं की तिथे मांस, मासे, अंडी, दूध, एवढंच काय कांदा-लसूणही नाही. आपल्याकडच्या चातुर्मासवाल्यांनाही चालेल असं. रस्त्यावर मागताना ‘माइ साइ नाम प्ला’, माशाचं पाणी घालू नका. वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्राप’ आणि बाईने ‘खा’ जोडायचं. एवढ्याने समोरचा चेहरा बदलतो.

सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, गाडीवर होताना बघावी. मातीचा खोल खल, लाकडी बत्ता. आधी लसूण आणि मिरच्या ठेचतात, मग ताडगूळ, चवळीच्या शेंगांचे तुकडे, टोमॅटो, लिंबू, शेंगदाणे. पपईचा कीस सगळ्यात शेवटी, आणि तो कुटत नाहीत, डाव्या हातातल्या चमच्याने वरखाली करत हलकेच चेचतात. जोरात कुटलं तर कीस पाणी सोडतो. शाकाहाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की नाम प्ला वगळला तरी खल तोच असतो, आधीच्या गिऱ्हाइकाची सुकी कोळंबी त्यात पडून गेलेली असते. मिरची एक सांगावी. त्यांची ‘थोडी’ कोल्हापुरी जिभेलाही झोंबते.

दुपारच्या जेवणाला असोकच्या टर्मिनल २१ मॉलमधलं पिअर २१ हे आमचं ठरलेलं ठिकाण. काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, गाळ्यांवर ते दाखवून खायचं, उरलेले पैसे परत घ्यायचे. मॉलमध्ये असूनही भाव रस्त्यावरच्या गाडीइतके, आणि शाकाहारी गाळाही आहे.

रविवार रेशमाचा आणि कपड्यांचा. सकाळी जिम थॉम्पसनचं घर, नॅशनल स्टेडियम स्थानकापासून पाच मिनिटं. सागवानी जुनी घरं उचलून आणून जोडलेली. थाई रेशीम जगात नेणारा हा अमेरिकन माणूस १९६७ मध्ये मलेशियात फिरायला गेला आणि नाहीसा झाला. पैठणीचं रेशीम हाताखालून गेलेल्यांना थाई रेशमाचा पोत जरा खरखरीत, गाठाळ लागेल. तो दोष नाही, हाताने काढलेल्या सुताची खूण आहे. अस्सलपणासाठी सरकारी मोराचा शिक्का बघावा: सोनेरी मोर म्हणजे देशी किड्याचं, पूर्णपणे हाताने केलेलं, रुपेरी त्याखालोखाल, निळा शुद्ध रेशमाचा, हिरवा मिश्र धाग्यांचा. शिक्का नसेल तर कडेचा एक धागा मागून जाळून बघायचा. रेशीम केस जळल्यासारखं वास मारतं आणि राख चुरडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. जो दुकानदार धागा द्यायला कां-कूं करतो तिथे घेऊ नये.

दुपारी प्रतुनामचा प्लॅटिनम मॉल. तीन नग घेतले की घाऊक भाव लागतो, आणि ते एकाच मापाचे असायची गरज नसते. कपडे घालून बघू देत नाहीत, आणि ‘फ्री साइझ’ थाई बांध्याची असते. शिंप्याची टेप सोबत ठेवावी आणि आपल्या नीट बसणाऱ्या कुर्त्याची छाती व खांदा आधी मोजून फोनमध्ये लिहून ठेवावा.

रविवारी संध्याकाळी याओवारात, चिनी पेठ. सोमवारी बऱ्याच गाड्या बंद असतात, म्हणून रविवार. वाट मंगकोन स्थानक, साडेसहानंतर. मांसाहाऱ्याला तव्यावरचं कालवांचं ऑम्लेट, कडा कुरकुरीत आणि मध्ये गिळगिळीत. कालवं आवडणाऱ्या मालवणी माणसाने चुकवू नये. शाकाहाऱ्याला आल्याच्या गरम पाकातल्या काळ्या तिळाच्या गोळ्या, डाळिंबाचा रस, भाजलेले चेस्टनट.

उन्हावर तिथली माणसं दोन वस्तू वापरतात आणि दोन्ही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात: सापाचं चित्र असलेली थंडगार घामोळ्यांची पावडर, आणि ‘यादोम’, म्हणजे कापूर-पुदिन्याची नाकाशी धरायची नळी. सोबत क्षारांची पुडी, रोज प्रत्येकी एक, तहान लागायच्या आधी.

सोमवारी परतताना करपरतावा, म्हणजे खरेदीवर भरलेला कर परत घेणं. दुकानात एका दिवसात २००० बाथवर खरेदी झाली की पासपोर्ट दाखवून पीपी १० हा फॉर्म भरून घ्यायचा. नंतर तो मिळत नाही. खरेदी एकाच पासपोर्टवर करावी, अर्धी इकडे अर्धी तिकडे झाली तर दोघांचीही मर्यादा हुकते. खरेदी २०,००० बाथ किंवा त्याहून जास्त असेल तर विमानतळावर सामान देण्याआधी कस्टमच्या खिडकीवर फॉर्म आणि वस्तू न्यायच्या. बॅग आधी पट्ट्यावर गेली आणि वस्तू दाखवा म्हणाले तर परतावा बुडतो, म्हणून त्या वस्तू बॅगेत सगळ्यात वर भराव्यात. बुद्धमूर्ती घेतली असेल तर ललितकला विभागाचा परवाना लागतो. पैसे पासपोर्ट तपासणीच्या पलीकडच्या खिडकीवर मिळतात. तिथेच समुद्रमंथनाचं भलंमोठं रंगीत शिल्प उभं आहे, वासुकीच्या दोन टोकांना देव आणि दानव, मध्ये पर्वतावर विष्णू. परताव्याची रांग रात्रीच्या उड्डाणांआधी लांबते. अर्धा तास हाताशी ठेवावा, एकाने रांगेत उभं राहावं आणि दुसऱ्याने शिल्प बघून घ्यावं, मग अदलाबदल.